शुद्धीवर

संदेशने तिची वेणी मनगटाला एक वेढा देऊन धरली आणि तिचं तोंड पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटलं. चमचा खाली पडला, पेज चादरीवर सांडली. चैतालीचा ओठ फुटला, पण ती ओरडली नाही. ओरडली ती सिस्टर. "छाती सांभाळा त्यांची," म्हणत ती धावली, आणि तिच्यामागे आयसीयूतले दोन वॉर्डबॉय मामा.

संदेशची बायपास होऊन आज चौथा दिवस होता. छातीचं हाड मधोमध कापून तारेने पुन्हा आवळलेलं. चार शब्द बोलला तरी त्याला धाप लागत होती, पण हातातला जोर गेला नव्हता. मामांनी वेणी सोडवली, तर दुसऱ्या हाताने त्याने सलाईनचा स्टँड तिच्या अंगावर लोटला. सुई निसटली, त्याच्याच रक्ताने चादर भरली. मग त्याने तिच्या पोटात लाथ घातली. शेवटी तिघांनी मिळून त्याचं उजवं मनगट पट्टीने कठड्याला बांधलं, तेव्हा कुठे तो पडून राहिला आणि तिथूनच तिला आईवरून शिव्या देऊ लागला.

सिस्टरने चैतालीच्या हातात कापूस ठेवला आणि तिची माफी मागितली. हे ते नाहीत ताई, असं तिने समजावलं. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर काही पेशंटचं डोकं भ्रमतं, चांगली साधी माणसं घरच्यांवर धावून जातात, नंतर त्यांना आठवतसुद्धा नाही.

चैताली ओठाला कापूस दाबून ऐकत राहिली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तिने मार खाल्ल्यावर कुणी तिची माफी मागावी, ही पहिलीच वेळ. आज पेज अळणी होती म्हणून त्याने मारलं होतं. घरी कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून मारायचा. हे तेच होते, अगदी तेच.

डॉक्टर आले. त्यांनी संदेशला वार विचारला, गाव विचारलं, धंदा विचारला. बुधवार, पवनानगर, कामशेतच्या रस्त्याला जीप चालवतो. सगळी उत्तरं बरोबर आली. डॉक्टर जरा घोटाळले. कधी कधी उत्तरं बरोबर येतात आणि तरी डोकं ताळ्यावर नसतं, असं ते सिस्टरला म्हणाले. भ्रम असेल तर आठवडाभर इथेच ठेवायचं, दोन्ही हात बांधून, झोपेचं इंजेक्शन देऊन. फोन नाही, भेटणं नाही. भ्रम नसेल तर आज संध्याकाळी साध्या वॉर्डात हलवायचं आणि शुक्रवारी घरी सोडायचं.

शुक्रवार म्हणजे परवा.

घरी शेजारच्या विठाबाईंकडे चार वर्षांची लेक प्रेरणा होती. गेल्या महिन्यात दूध सांडलं म्हणून संदेशने तिला उचलून दाराच्या चौकटीवर आपटलं होतं. पोरीवर हात टाकण्याची ती पहिली वेळ. तेव्हापासून चैतालीने तिचे दोन फ्रॉक आणि जन्माचा दाखला एका पिशवीत घालून ठेवला होता. पण संदेश साध्या वॉर्डात गेला की उशाशी फोन येणार, आणि ती निघाल्याचं कळून त्याने एक फोन केला की त्याचे जीपवाले दोस्त दारात उभे राहणार. आठवडा मिळाला तर प्रेरणाला घेऊन खंडाळ्याला आईकडे, आणि तिथून पुढे कुठेही जाता येणार होतं.

डॉक्टरांनी सिस्टरला बाहेर बसलेल्या सासूला, सरूबाईंना, आत बोलवायला सांगितलं. मुळात स्वभावच असा आहे का, हे मोठ्या माणसाला आधी विचारावं म्हणून.

"आजी, खरं सांगा. घरीही यांचा हात उठतो का?"

सरूबाईंनी पदर सावरला. परक्यापुढे घरातलं बोलायचं नाही, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. आवाज ऐकून शेजारी आले, तर त्यांनाही त्या दारातूनच परत पाठवायच्या. "न्हाई वो सायेब," त्या म्हणाल्या. "आमच्या घराण्यात बाईमाणसावर हात टाकायची रीत न्हाई. माझं पोरगं लय गरीब. मुंगीला मारायचं न्हाई."

"आये, गप," संदेश बांधलेला हात ओढत म्हणाला. "ह्ये बांधून घालतील मला. खरं सांग त्यास्नी. मी शुद्धीवर हाय. मी मारतो हिला. कायम मारतो."

सरूबाई शरमेने लाल झाल्या. त्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "बघा की. काय बी बरळतोय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सिस्टर नवी पट्टी घेऊन डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. संदेशच्या कपाळावर घाम आला होता. त्याने चैतालीकडे पाहिलं. सहा वर्षांत त्याने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"चैताली, तू तरी सांग ना गं," तो म्हणाला.

डॉक्टरही तिच्याकडे वळले. घाबरू नका, यांनी याआधी कधी मारलं असेल तर आत्ता सांगा, असं ते हळू आवाजात म्हणाले.

चैतालीने ओठावरचा कापूस काढला. सगळं बरं आहे असं आईला फोनवर सांगायची, त्याच आवाजात ती म्हणाली,

"कधीच नाही, डॉक्टर. देवमाणूस आहेत."