पाळण्यावरचा डाग

"पाऊस नाही, पाणी नाही, मग हा डाग पितोय तरी काय?" स्टुलावर चढून छताला बोट लावत थाओचे चुलतसासरे तिनकाका म्हणाले.

खाली थाओ मक्याला छातीशी धरून उभी होती. मका म्हणजे तिचा महिन्याचा मुलगा. नाव मोठं होतं, पण घरात सगळ्यांचा मकाच. पिवळट डाग बरोबर त्याच्या पाळण्यावर होता आणि रोज पसरत होता. ओल, बुरशी, बाळाची छाती, सगळं थाओने मोबाइलवर वाचून काढलं होतं. डाग जायला हवा होता. कारण मात्र सापडायला नको होतं.

ते तिला ठाऊक होतं. दुपारी जेवून अख्खं घर झोपलं, की ती हळूच गच्चीवर जाऊन केस धुवायची.

सासूबाईंच्या राज्यात बाळंतिणीने तीन महिने डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. कानात कापूस, पायांत मोजे, डोक्याला लोकरी टोपी. शेजारच्या सुनेने केस धुवायची घाई केली, तेव्हा "हिच्या आईने हिला काही शिकवलं नाही" हे सासूबाईंचं वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत गेलं होतं. थाओची आई दूर गावी एकटी होती. ते वाक्य तिच्या वाट्याला येऊ नये, एवढंच थाओला हवं होतं.

त्यातून सासूबाई स्वतःच्या आखूड पांढऱ्या केसांसाठी रोज पपनसाची साल उकळून मोठं पातेलं गच्चीत ठेवायच्या. थाओ त्यातलंच कोमट पाणी चोरायची.

काका आणि सासूबाई वर गेले. थाओला वाऱ्यात यायला मनाई होती. तिने मक्याला नवऱ्याच्या, क्वांगच्या, हातात दिलं आणि जिन्याच्या दारापर्यंत गेलीच.

काकांनी गच्चीच्या कोपऱ्यातल्या सांडपाण्याच्या नळीत तार घातली. आधी पपनसाची साल आली. मग काळेभोर, हातभर लांब केस.

काकांनी केसांकडे पाहिलं. मग वहिनीच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पांढऱ्या डोक्याकडे.

"वहिनी, गच्चीवर कुणी हडळ राहते का?"

"माझेच आहेत."

"हे?"

"रंगवते मी. तू तुझं काम कर."

थाओला टोपीखाली घाम फुटला. सासूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

तार अजून अडत होती. नुसते केस वाहून गेले असते, काका म्हणाले. आत काहीतरी त्यांना धरून बसलंय. त्यांनी नळीच्या वळणावरचा बाक फोडला. शेवाळलेली, दोन दात तुटलेली, म्हशीच्या शिंगाची फणी बाहेर आली. हीच खरी चोर, इथेच पाणी तुंबून खाली झिरपलं, असं सांगत त्यांनी नवा बाक बसवला, सिमेंट लिंपलं आणि चहा पिऊन गेले.

थाओ बुचकळ्यात पडली. तिची फणी प्लास्टिकची होती आणि उशीखाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर झोपलं. सासूबाई वाफाळतं पातेलं घेऊन तिच्या खोलीत आल्या, दार लावलं आणि तिच्या डोक्यावरची टोपी उतरवली. त्यांच्या हातात ती फणी होती, घासूनपुसून लख्ख केलेली.

"क्वांग महिन्याचा होता," त्या म्हणाल्या, "तेव्हा दुपारी गच्चीवर हरवली होती माझी."