तुझ्या बाबांना सांग

"तुझ्या बाबांना सांग, काचेला नाक लावू नका म्हणावं. पोरं हसताहेत."

आई हे बोलली तेव्हा बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. समोरच्या भल्यामोठ्या टाकीत एक शार्क संथपणे वळत होता. बाबांनी मानही वळवली नाही.

"तुझ्या आईला सांग, शार्कची काही तक्रार नाही."

मधे उभ्या असलेल्या मुलीने दोन्ही निरोप इमानेइतबारे पोचवले. दोन वर्षं ती हेच करत होती. बाबांनी आईचं शिवणयंत्र तिला न विचारता भंगारात दिलं आणि घरात अबोला पडला. दोघंही एकापेक्षा एक हट्टी! मग रोज शाळेतले तास संपवून ती आधी माहेरी जायची. हिच्या गोळ्या त्यांना विचार, त्यांच्या चाव्या हिच्याकडे माग, आणि मग स्वतःच्या घरी पळ. चाळिशीची बाई, शाळेत गणित शिकवणारी, आणि माहेरी काम टपालवाल्याचं.

पण आज तिने कंबर कसली होती. नवऱ्याची बदली झाली होती, बढतीवर, पार दुसऱ्या टोकाच्या शहरात. होकार उद्या कळवायचा होता. तिला जायचं होतं, मनापासून जायचं होतं. ती अडली होती ती फक्त या दोघांपायी. उद्या एकाला काही झालं, तर दुसरं काय भिंतीला सांगणार? बदलीबद्दल तिने त्यांना अवाक्षर कळू दिलं नव्हतं. आज यांना एकमेकांशी बोलतं करायचं, नाहीतर बदलीला सरळ नाही म्हणायचं. अधलंमधलं काही नाही.

मासे हे निमित्त. तिचा डोळा होता वरच्या मजल्यावरच्या विज्ञान दालनावर. शाळेची सहल घेऊन आली होती तेव्हा तिने तिथे एक गंमत पाहिली होती. दालनाच्या दोन टोकांना समोरासमोर दोन प्रचंड वाट्या उभ्या केलेल्या, माणसाहून उंच. एका वाटीसमोरच्या बाकावर बसून नुसतं पुटपुटलं, तरी मधला सगळा गोंगाट ओलांडून ते दुसऱ्या वाटीसमोर बसलेल्याला कानात सांगितल्यासारखं ऐकू जातं. आईला एकीकडे बसवायचं, बाबांना दुसरीकडे. तोंड दिसत नसलं की माणसाचा ताठा जरा सैल पडतो, असा तिचा हिशेब होता.

नवरा आणि लेक खाली जेलीफिशपाशी रेंगाळले. ती दोघांना घेऊन वर आली. आणि पहिल्याच वाटीसमोर आईने बाकावर बसकण मारली.

"आता एक पाऊल टाकणार नाही. गुडघे संपावर गेलेत माझे."

"आई, फक्त त्या टोकापर्यंत चल ना."

"नाही म्हणजे नाही."

बाबाही त्याच बाकाच्या दुसऱ्या कडेला टेकले, तोंड फिरवून. झालं! सगळा बेतच फिसकटला. वाटीची करामत सांगावी, तर दोघंही ताडकन उठून चालू लागतील. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. पण हार मानायची नाही, असं तिने स्वतःला बजावलं. आई नाही तर नाही, बाबांना उठवून तिकडे न्यायचं. त्याआधी ती वाटी धड चालतेय का, ते तरी बघून यावं.

"इथेच बसा, आलेच मी," म्हणत ती तरातरा निघाली. कुठल्याशा शाळेची मुलं दालनभर आरडाओरडा करत होती. त्यांच्यातून वाट काढत ती दुसऱ्या टोकाला पोचली आणि वाटीसमोर बसली.

"गेली का हो?"

ती दचकली. आवाज आईचा होता, अगदी कानाशी.

"गेली," बाबांचा आवाज आला. "फार दुखताहेत का गं गुडघे?"

तिने वळून पाहिलं. दूर त्या बाकावर दोन पाठमोरी डोकी आता शेजारी शेजारी होती.

"दुखताहेत तर. पण किती दिवस चालवायचं हो हे? मशीनचा राग माझा तेव्हाच आठवड्यात गेला होता."

"मग तिच्यासमोर बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात! ती रोज यायला लागली होती."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं! दोन वर्षं या दोघांनी तिला नाचवलं होतं. आत्ता जाऊन फैलावर घ्यायचं, म्हणून ती उठायला लागली.

"मघाशी जावईबापू फोनवर बोलत होते, ते ऐकलंस?" बाबा म्हणाले.

"ऐकलं. बदली झालीय. आपल्यापायी अडलीय पोर."

"मग आता ती आली की बोलायचं आपण. तिच्यासमोर. सुखाने जाऊ दे तिला."



"बोलू," आई म्हणाली. "पण घरी पोचल्यावर बोलू. तोवर राहू दे ना हो तिला आपल्या मधे."