समोरची गिरणी

वडिलांनी खोपटला काढलेल्या गिरणीवरून विश्राम आणि नाथा या भावांत उभा दावा मांडला गेला. नाथाने समोरच दुसरी गिरणी टाकली. तिच्या पिठाचा कणही या घरात येता कामा नये, असं विश्रामने बजावून ठेवलं.

पण नानकटाई खुसखुशीत हवी, म्हणून त्याची सून शालू रेशनचा गहू गुपचूप नाथाकडून बारीक दळून घेऊन आली.

निखाऱ्यांवर भाजलेली पहिली नानकटाई तोंडात टाकली आणि विश्राम चावता चावता थांबला.

"हे पीठ आपलं नव्हे."

शालू उठून उभी राहिली. "चुकलं, मामंजी."

त्याने दुसरी उचलली.



"पुढच्या वेळी मागच्या दाराने जा. नाथाची बायको आपल्याकडे दळायला तशीच येते."