चावी ताब्यात मिळाली

"पाच तारीख टाक," गुरुशांतसर म्हणाले, "आणि सही त्यांच्या घरून घेऊन ये."

राजनंदिनीने फाईल पुढ्यात ओढली. चादरीच्या कारखान्यामागच्या बोळाच्या तोंडाशी त्यांच्या ऑफिसने सात लोखंडी खांब बसवले होते, त्या कामाची ही हॅन्डओव्हर फाईल. गेल्या वर्षी संध्याकाळच्या बाजारात एक टेम्पो घुसला, तेव्हापासून बोळातली माणसं खांब मागत होती. नकाशा, पायाची खोली, काँक्रीट तपासल्याचा दाखला, एकेका खांबाचा फोटो, सगळं फाईलला लागलं होतं. एकच पान कोरं होतं. मधले दोन खांब कुलूप काढून उचलता येत. अॅम्ब्युलन्स किंवा आगीचा बंब आला तर वाट करून द्यायला. त्या कुलपाची चावी कुणाच्या ताब्यात दिली आणि कधी दिली, त्याचं ते पान.

बोळाने चावीसाठी सोमशेखरकाकांचं नाव दिलं होतं. गिरणीतून निवृत्त झालेले फिटर. शब्दाला पक्का माणूस. नऊ तारखेला दुपारी त्यांच्याच छातीत कळ आली. अॅम्ब्युलन्स वेळेत आली आणि खांबांपाशी थांबली. चावी येतेय, येतेय म्हणत वीस मिनिटं गेली. शेवटी लोकांनी त्यांना खुर्चीत बसवून बोळाबाहेर आणलं. दवाखाना यायच्या आधीच ते गेले.

चावी राजनंदिनीच्या टेबलाच्या खणात होती.

"पाच तारखेला दिली होती, घरात ऐन वेळी सापडली नाही," सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "असं होतं माणसांचं. त्या बाईला कोण काय विचारणार आहे? आपल्याला मात्र विचारतील."

मंगळवेढ्याहून येऊन तिला या नोकरीत दीड वर्ष झालं होतं. तिने पाच तारीख टाकली. फाईल घेतली, चावी पर्समध्ये टाकली आणि निघाली.

काकांच्या घराचं दार उघडंच होतं. आत सगळा पसारा. ट्रंका उपड्या, भिंतीतलं कपाट रिकामं, ज्वारीचा डबा चादरीवर ओतलेला. त्या ज्वारीत हात घालून काशम्मा बसली होती. काकांची बायको. पंधरा दिवसांत बाई निम्मी झाली होती.

"काकू, मी खांबाच्या ऑफिसातून आले. चावीच्या कागदावर एक सही..."

"करते की." काशम्मा हात झटकून उठली. "चावी आणली हुती त्यांनी. मलाच घावली न्हाय. सगळा बोळ दारात उभा ऱ्हायला, आन् मला घावली न्हाय."

"आणली होती?"

"व्हय. त्यांनीच सांगितलं की. बोळात समद्यांना सांगितलं, चावी आली, आता काळजी न्हाय म्हणून. कुटं ठेवली तेवडं इचारायचं ऱ्हायलं बघ माझ्याकडनं." तिने ज्वारीकडे बघितलं. "रोज एक डबा बघते. आसंल हितंच कुटं तरी."

राजनंदिनीला नऊ तारखेआधीच्या सोमवारचे काका आठवले. ऑफिसात ते दोनदा आले होते. दुसऱ्यांदा तासभर बाकावर बसून राहिले. "काका, फाईल पूर्ण झाल्याशिवाय चावी देता येत नाही," ती मान वर न करता म्हणाली होती. तेव्हा दोन खांबांचे फोटो लावायचे राहिले होते. काकांनी मान हलवली, टोपी सारखी केली आणि गेले. दोन हेलपाटे घालून रिकाम्या हाताने आलो, हे बोळाला सांगणं त्यांच्या जिवावर आलं असणार. उद्या मिळेलच, म्हणून आलीच सांगून टाकलं असेल.

काशम्माने पेन घेतलं. "कानडीत केली तर चालंल न्हवं? मला तेवडंच येतंय."

तिने पहिलं अक्षर काढलं. किती सोपं होतं. राजनंदिनीला काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

"काकू, थांबा."

राजनंदिनीने पर्समधून चावी काढून कागदावर ठेवली. "काकांनी चावी आणलीच नव्हती. ती माझ्याकडं होती. ते दोनदा मागायला आले. मी दिली नाही."

मग तिने पेन मागून घेतलं, पाच तारीख खोडून त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली लिहिलं, नऊ तारखेला चावी आमच्या ऑफिसात होती. त्याखाली स्वतःची सही केली. त्या पानापायी महिनाअखेर तिची नोकरी गेली, पण ते पुढचं. त्या घटकेला ती काशम्माच्या तोंडाकडे बघत होती. बाईने शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत ठेवून द्यावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

काशम्माने चावीला हात लावला नाही. ती सावकाश खाली बसली.

"मी ट्रंका उचकत हुते तवा ते सारखा हात हलवत हुते," ती म्हणाली. "बोलाय येत न्हवतं. मला वाटलं, दवाखान्यात न्हेऊ नका म्हणतेत. मी त्यांच्याकडं बघितलं बी न्हाय. म्हटलं, गप पडा, आत्ता घावंल."

तिने भिंतीकडच्या रिकाम्या खाटेकडे बघितलं.

"हुडकू नगं, जवळ बस, म्हणत हुते व्हय."