ग्रीकांची कणीक

आई डब्यांच्या पोळ्या लाटत होती. शेजारच्या परातीतली कणीक ओल्या फडक्याखाली मुरत होती.

“काय वाचतेस एवढं?”

मी भूगर्भशास्त्राला प्रवेश घेतल्यापासून ती हे रोज विचारते आणि मी रोज म्हणते, “तुला नाही कळणार.” आजही तेच ओठांवर आलं होतं. पण समोरच्या पानावर मॅग्मा या शब्दाची कुळकथा होती. ती वाचून मला माझीच लाज वाटली.

“आई, जमिनीच्या पोटात कुठे कुठे खडक वितळलेला असतो ना, त्याला मॅग्मा म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. अर्थ, मळलेला गोळा. कणीक मळायला ते लोक जो शब्द वापरायचे, त्यातूनच आलाय.”

आईचं लाटणं थांबलं. तिने परातीवरचं फडकं उचललं. एक कोपरा उघडा राहून पंख्याच्या वाऱ्याने तिथे कोरडी खपली धरली होती. तिने बोटाने दाबताच खपलीला चीर पडली आणि आतली मऊ कणीक वर आली.

“असंच असेल ना खाली? आणि आपण सगळे या खपलीवर?”

पहिल्या वर्षाचं अख्खं प्रकरण तिने एका बोटात सांगितलं होतं. “असंच,” मी म्हटलं.

“हेच होय, मला न कळणारं?”

लहानपणी दुमडायची तशा तिने माझ्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, कणकेवर तेल सोडलं आणि परात माझ्यापुढे सरकवली.

“मळ आता. बघू, तुला किती कळलंय.”