मधला श्वास

ओळ संपायला दोनच सूर उरले होते. मकरंदच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी त्याने बासरी ओठांवरून काढली नाही. शेवटचा सूर फुसकन विझला.

राजगोपालरावांनी मांडीवरचा ताल थांबवला. वेस्ट मांबलमच्या तमिळ वस्तीतल्या या माडीवर तंजावरचे हे म्हातारे गुरुजी त्याला आठ महिने शिकवत होते. एरवी चिडत नसत, पण आज त्यांचाही धीर सुटत आला होता.

“कां रे, मध्ये श्वास कां घेत नाहीस? तोंड बघ, वांगं झालंय!”

“सवय आहे, गुरुजी. कबड्डीत चढाईला गेलं, की दम सोडायचा नाही. दम तुटला की बाद.”

“बाद म्हणजे?”

“पंच शिट्टी मारतो. मग निमूट रेषेबाहेर जाऊन बसायचं.”

“अय्यो! इथं तुला बाहेर घालणारा कोण? श्वास घे, कण्णा, बाळा. गाणं थांबतं तुझ्यासाठी.”

खिडकीत मोबाईल पालथा पडला होता. बारा वाजता संघाचे मॅनेजर फोन करणार होते. पुढच्या तीन हंगामांचा करार तयार होता, त्याने फक्त हो म्हणायचं होतं. वय अठ्ठावीस, गुडघे शाबूत, गेल्या वर्षी सगळ्यात जास्त गुण त्याचेच. सोडतो म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यातच काढलं असतं. त्याने मनाशी ठरवलं होतं, आज ही एक ओळ नीट वाजली तर नाही म्हणायचं. नाही वाजली तर गपगुमान परत मैदानावर. आता बाराला दहा मिनिटं होती आणि चढाईला कधी न घाबरलेला हा गडी एका ओळीला घाबरून बसला होता.

त्याने डोळे मिटले. पहिला सूर लागला. फरशीचा गारवा हळूहळू मॅटचा झाला, मधली रेषा मागे पडली. समोर सात जण हात धरून उभे होते. पण आज त्यांच्यातलं कोणी झेपावेना. सूर त्यांच्यापर्यंत पोचला तसे त्यांनी एकमेकांचे हात सोडले आणि जिथल्या तिथे मांडी घालून ऐकत बसले. मकरंदला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. ओळीच्या मधोमध येऊन तो थांबला आणि त्याने भरपूर श्वास घेतला.

त्याच क्षणी कर्कश शिट्टी वाजली.

मकरंद उठला. बासरी हातात, मान खाली, मुकाट चालत तो दारापर्यंत गेला. उंबरठ्याबाहेर पाय टाकणार तोच मागून गुरुजींच्या हसण्याचा गडगडाट झाला.

“अरे, कुठं जातोस? कुकर आहे तो! अलमेलू भात लावतेय!”

स्वयंपाकघरातून गुरुजींच्या पत्नी अलमेलूमामींनी डोकं बाहेर काढलं. “सांबार पण आहे. जेवूनच जा, हां.”

मकरंद उंबरठ्याशी उभा राहून लाजला, मग स्वतःही हसत सुटला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ओळ अर्धीच राहिली होती, पण मधला श्वास घेऊन झाला होता. तेवढ्यात खिडकीतला फोन घरघरला.

“बोल, मकरंद. काय ठरलं?”

“नाही, सर.”

“नाही म्हणजे? अरे, ओळीनं चार संघ उभे आहेत तुझ्यासाठी!”

“कळतंय, सर. पण मी नाही येत.”

पलीकडून आणखी पुष्कळ बोलणं आलं. ते त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आभार मानले आणि फोन पुन्हा पालथा ठेवला. गुरुजींनी मांडीवर पुन्हा ताल सुरू केला.

मकरंद बसला. ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली. मधोमध येऊन तो थांबला, आणि आत कुकरची दुसरी शिट्टी झाली.

त्याने सावकाश श्वास पुरा केला आणि पुढचा सूर लावला.