एक हरकत

पुठ्ठ्याच्या मॉडेलमधली भिंत मावशींनी सकाळपासून तिसऱ्यांदा उचलून बाजूला ठेवली.

"मावशी, खरी भिंत अजून जागेवरच आहे," आर्किटेक्टबाई म्हणाल्या.

"तेच तर! संमतीचा आज शेवटचा दिवस, आणि तुम्ही अशा गप्प."

बाईंनी बोळाच्या तोंडाशी ऑफिस थाटलं त्याला वर्ष झालं होतं. बोळ पार मरगळलेला. दिवसाही अंधार, निम्मी दुकानं बंद. बाईंनी फूटपट्टी घेऊन सगळं मोजलं आणि सांगितलं, टोकाची भिंत पाडा, वाट आरपार करा. उजेड येईल, गिऱ्हाईक येईल. अट एकच. भिंतीला लागून असलेल्या दोन्हीकडच्या प्रत्येक घराची सही हवी.

मावशींना ती वाट आठवत होती. लहानपणी त्या तिथूनच धावत शाळेला जायच्या. मग कारखान्याने भिंत घातली. कारखाना गेला, त्याच्या जागी इमारती आल्या, भिंत मात्र राहिली. भिंतीलगतच्या इमारतीत त्यांचा मुलगा राहायचा. हाकेच्या अंतरावर, पण यायचं तर दोन बस बदलून.

"फार वळसा पडतो गं आई," तो फोनवर म्हणायचा.

खरंच होतं ते. म्हणून तर मावशी गेले काही महिने पायाला भिंगरी लावून बोळातल्या सह्या गोळा करत फिरल्या. पलीकडच्या सह्या बाईंच्या माणसांनी आणल्या.

"किती राहिल्या?"

"एकच. पण तिथून हरकत आलीय, मावशी."

"इस्त्रीवाला! त्याचं टेबल भिंतीला टेकलेलं, सही देऊन फिरला असणार, दुसरं कोण!"

उत्तराला न थांबता त्या तरातरा निघाल्या.

"मी?" इस्त्रीवाला म्हणाला. "मी पहिल्याच दिवशी सही दिली. तुम्ही दारात ठाण मांडलंत, नाही म्हणायची छाती कुणाची?"

शेजारची शिंपीण मशीन थांबवून हसली. "भिंत पडली की लेक रोज जेवायला. मग आम्हाला कोण विचारतंय!"

"रोज कशाला? आठवड्यातून एकदा आला तरी पुष्कळ," मावशी म्हणाल्या आणि उगाच पदर सारखा करू लागल्या.

ऑफिसात परतल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"नाव सांगा. मी जाऊन हात जोडते त्याला."

"नाव सांगता येत नाही." बाई नकाशाची गुंडाळी उलगडत राहिल्या. "राहू द्या ना, मावशी. वाट नाही तर नाही. बोळात चांगले दिवे लावू, बाकं टाकू."

"बाकावर बसून भिंत बघू?"

मावशींनी फाइल ओढली. बाईंनी तिच्यावर हात ठेवला, आणि क्षणभराने काढून घेतला.

नावावर कोरी पट्टी चिकटवली होती. खालचं अक्षर उघडं होतं. उजवीकडे झुकलेलं, मावशींनीच हात धरून गिरवून घेतलेलं.

'वाटेची गरज नाही. पलीकडे आमचं कोणी राहत नाही.'